डॉक्टरकडून गावाकडे : बालकुपोषणाचा प्रश्न आणि आरोळे दांपत्याचे जामखेड येथील कार्य

प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात सहकार, शिक्षण, शेतकरी व दलित चळवळी यांना जे स्थान मिळाले, ते सार्वजनिक आरोग्याला मिळाले नाही. ग्रामीण भागात काम करणाऱ्या डॉक्टरांविषयी मराठीत विपुल लिहिले गेले. परंतु त्या लेखनाचा सूर बहुधा गौरवाचा असतो. शहरातील सुखाचे आयुष्य सोडून खेड्यात जाणारा त्यागी पुरुष अशी प्रतिमा त्यातून उभी राहते. त्या डॉक्टरने कोणता प्रश्न हाती घेतला, त्या प्रश्नाची मांडणी जगात इतरत्र कशी चालली होती आणि त्याच्या उत्तराने पुढे शासकीय धोरणाला काय दिले, हे मुद्दे मागे पडतात.

प्रस्तुत लेखात तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे १९७० पासून काम करणाऱ्या डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांच्या कार्याचा बालकुपोषणाच्या संदर्भात विचार केला आहे. त्यासाठी आरंभी आफ्रिकेतील अनुभवाकडे वळणे आवश्यक ठरते. कारण बालकुपोषण ही एक स्वतंत्र व्याधी म्हणून प्रथम तेथे ओळखली गेली आणि तिच्यावर रुग्णालयाबाहेर उपाय शोधण्याचे प्रयत्नही तेथेच आकाराला आले. कुपोषणाचे निदान डॉक्टरांनी केले. परंतु त्यावरील उपाय डॉक्टरांच्या हातून निघून गावाच्या हाती गेला तेव्हाच तो टिकला, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

व्याधीचे नामकरण : आफ्रिकेतील अनुभव

डॉ. सिसिली विल्यम्स या जमैकात जन्मलेल्या व ऑक्सफर्ड येथे शिकलेल्या स्त्री डॉक्टर १९२९ मध्ये गोल्ड कोस्ट या ब्रिटिश वसाहतीत, म्हणजे आजच्या घानात, वैद्यकीय सेवेत रुजू झाल्या. एक ते चार वर्षे वयाची मुले अंगावर सूज, कातडीवर डाग आणि विरळ, तांबूस केस अशा अवस्थेत त्यांच्याकडे येत आणि त्यांतील अनेक दगावत. त्यांनी १९३३ मध्ये या व्याधीचे वर्णन प्रसिद्ध केले. ही पेलाग्राचीच एक तऱ्हा असावी असे मत काही तज्ज्ञांनी मांडले. विल्यम्स यांनी ते नाकारले आणि १९३५ मध्ये तिचे स्थानिक नाव वैद्यकशास्त्रापुढे ठेवले. ते नाव म्हणजे क्वाशिओरकर. अक्रा परिसरातील गा भाषेतील या शब्दात धाकटे भावंड आल्यामुळे आईच्या दुधापासून दूर झालेल्या मुलाच्या आजाराचा निर्देश आहे. कारणमीमांसा त्या नावातच होती. मूल अंगावरून तुटते, त्याला नुसती मक्याची पेज मिळते आणि त्यातून आजार उद्भवतो, हे तेथील आयांना ठाऊक होते. विल्यम्स यांचे श्रेय हे की त्यांनी आयांचे म्हणणे ऐकून घेतले. मराठी आरोग्यविषयक पुस्तकांतून याच व्याधीला सुजवटी आणि मूल वाळत जाण्याच्या प्रकाराला सुकटी अशी नावे आढळतात.

दुसरे महायुद्ध संपल्यानंतर विल्यम्स १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या माता-बाल आरोग्य विभागाच्या पहिल्या प्रमुख झाल्या. १९५२ मध्ये ब्रॉक आणि ओत्रे यांचा आफ्रिकेतील क्वाशिओरकरविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि प्रश्नाला जागतिक मान्यता मिळाली. मात्र या मान्यतेबरोबर एक एकांगी आग्रहही आला. प्रथिनांचा अभाव हेच मूळ कारण मानून दूधभुकटी व विशेष प्रथिनयुक्त पदार्थ यांवर पुढील दोन दशके भर देण्यात आला. या विचारसरणीला आव्हान देणाऱ्यांत डॉ. पां. वा. सुखात्मे हे मराठी संख्याशास्त्रज्ञ अग्रभागी होते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक म्हणून दीर्घकाळ काम केलेल्या सुखात्मे यांनी असे दाखवून दिले की, भारतातील नेहमीच्या तृणधान्य-कडधान्याच्या आहारात प्रथिनांचे प्रमाण सहसा पुरेसे असते. उणीव असते ती एकूण अन्नाची. मुलाला पोटभर मिळाले नाही तर असलेली प्रथिनेही शरीर इंधनासारखी जाळून टाकते. डॉ. सी. गोपालन यांच्या हैदराबाद येथील संशोधनाचा निष्कर्षही याच दिशेचा होता. तेव्हा उपाय दूरच्या कारखान्यात शोधण्याऐवजी घरच्या चुलीवर शोधणे शक्य आहे, अशी शास्त्रीय भूमिका १९७० च्या सुमारास तयार होत होती.

याच काळात डॉ. डेव्हिड मॉर्ली यांनी नायजेरियातील इलेशा येथे वेगळा मार्ग चोखाळला. १९५६ पासून तेथील मिशन रुग्णालयात काम करताना त्यांच्या लक्षात आले की, मूल उघडपणे कुपोषित दिसू लागते तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्यापूर्वी कित्येक महिने त्याचे वजन वाढायचे थांबलेले असते. म्हणून त्यांनी पाच वर्षांखालील मुलांसाठी परिचारिकांनी चालवायची केंद्रे सुरू केली आणि प्रत्येक मुलाच्या वजनाचा आलेख असलेले कार्ड तयार केले. हे कार्ड रुग्णालयाच्या कपाटात न ठेवता आईच्या हाती देण्यात आले. गोवर, अतिसार, खोकला आणि वजनातील घट यांचा संबंध त्या एका कागदावर दिसू लागला. विल्यम्स यांनी व्याधीचे नाव आयांकडून घेतले होते. मॉर्ली यांनी तिची नोंद आयांकडे परत दिली.

वेल्लोर ते जामखेड

रजनीकांत आरोळे यांचा जन्म १० जुलै १९३४ रोजी अहमदनगर जिल्ह्यातील एका शिक्षकी कुटुंबात झाला. मेबल इमॅन्युएल यांचा जन्म २६ डिसेंबर १९३५ रोजी जबलपूर येथे झाला. त्यांचे वडील तेथील धर्मशास्त्र महाविद्यालयात प्राध्यापक होते. दोघांची भेट वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाली. १९६० मध्ये विवाहबद्ध होताना ग्रामीण भागातील उपेक्षितांसाठी काम करण्याचा निश्चय त्यांनी केला होता. १९६२ ते १९६६ या काळात नेवासा तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात त्यांनी सेवा केली.

वडाळ्याच्या चार वर्षांनी त्यांना एक गोष्ट शिकवली. रुग्णालयात येणाऱ्या बहुसंख्य आजारांचा प्रतिबंध करणे शक्य होते. अतिसाराने सुकलेले मूल बरे होऊन घरी जाई आणि त्याच पाण्याने, त्याच अपुऱ्या अन्नाने पुन्हा आजारी पडून परत येई. रुग्णालयाचा लौकिक वाढत होता. परिसरातील मुलांचे आरोग्य मात्र होते तेथेच होते. हा विरोधाभास घेऊन हे दांपत्य पुढील प्रशिक्षणासाठी अमेरिकेस गेले आणि शेवटी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमास दाखल झाले. तेथील त्यांचे गुरू डॉ. कार्ल टेलर यांचा जन्म भारतातच झाला होता व पंजाबातील नरंगवाल येथे त्यांचे संशोधन चालू होते. स्क्रिमशॉ, टेलर आणि गॉर्डन यांचा अपुरे पोषण व जंतुसंसर्ग यांच्या परस्परसंबंधावरील ग्रंथ १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. अपुऱ्या आहाराने मूल आजारांना बळी पडते आणि आजाराने त्याचे पोषण आणखी ढासळते, हे दुष्टचक्र त्यात विशद केले होते. याचा व्यावहारिक अर्थ असा की, केवळ औषध किंवा केवळ अन्न देऊन भागणार नव्हते.

१९७० मध्ये मायदेशी परतल्यावर त्यांनी जामखेडची निवड केली. नगर, बीड आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांच्या सीमेवरील हा भाग पर्जन्यछायेचा. शेती कोरडवाहू, रस्ते तुरळक. ऊसतोडणीच्या हंगामात येथील कुटुंबे मुलाबाळांसह साखर कारखान्यांच्या परिसरात स्थलांतर करीत. समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प या नावाने सुरू झालेल्या कामासाठी आरंभी जुन्या पशुवैद्यकीय दवाखान्याची जागा मिळाली. पहिल्या टप्प्यात सुमारे तीस गावे व ४०,००० लोकसंख्या डोळ्यांसमोर होती.

दुष्काळ आणि गावाची चूल

आरोग्याच्या योजना घेऊन गेलेल्या या डॉक्टरांना गावकऱ्यांनी स्वतःच्या गरजा सांगितल्या त्या वेगळ्या होत्या. त्यांना अन्न हवे होते आणि पाणी हवे होते. लसीकरण, कुटुंबनियोजन किंवा बालसंगोपन यांचा त्या यादीत उल्लेख नव्हता. अल्पावधीतच १९७२ चा दुष्काळ आला. या दुष्काळाने मराठी ग्रामीण स्मृतीत खडी फोडण्याची कामे, मिलो आणि सुकडी हे शब्द कायमचे रुजवले. दुष्काळी कामावर दिवसभर आई-वडील दोघेही जात. तान्ही व रांगती मुले थोरल्या बहिणीच्या हवाली होत. अशा वेळी सर्वांत आधी ढासळते ते दोन ते तीन वर्षांचे मूल. म्हणजे विल्यम्स यांना अक्रा येथे आढळलेलेच मूल.

आरोळे दांपत्याने या परिस्थितीत गावोगावी बालकांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे सुरू करण्यास साहाय्य केले. आरंभी बाहेरून आलेल्या धान्याचा उपयोग झाला. परंतु स्वयंपाक, सरपण, वाढणे आणि देखरेख ही जबाबदारी गावाने घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता. या कामातून गावागावांत तरुण शेतकरी मंडळे उभी राहिली. कोणत्या मुलाला अन्नाची गरज आहे हे ठरवण्यासाठी मुलांची वजने घेणे भाग होते आणि ते काम मंडळाच्या सदस्यांनी, म्हणजे पुरुषांनी केले. मुलाची वाढ ही केवळ बायकांची बाब मानणाऱ्या समाजात ही घटना लहान नव्हती. आपल्याच गावातील कोणती मुले कमी वजनाची आहेत आणि ती कोणत्या वस्तीतील आहेत, हे आकड्यांनी प्रथमच गावापुढे आले.

सर्व जातींच्या मुलांनी एका पंगतीत जेवावे हाही त्या स्वयंपाकघरांचा भाग होता. पाण्याच्या बाबतीत याहून पुढचे पाऊल उचलले गेले. दुष्काळात कूपनलिका खोदण्याचे साहाय्य उपलब्ध झाले तेव्हा त्या शक्यतो दलित वस्तीत किंवा तिच्यालगत घेण्यात आल्या. परिणामी सवर्ण कुटुंबांना पाण्यासाठी तेथे यावे लागले आणि ज्यांना पाणवठ्यावर मज्जाव होता त्यांच्या दारात पाणी आले. अतिसाराचा संबंध पाण्याशी आणि पाण्याचा संबंध जातीशी होता. त्यामुळे बालकाचे वजन वाढवण्याचा मार्ग अस्पृश्यतेच्या प्रश्नाला वळसा घालून जाऊ शकत नव्हता. वैद्यकीय कार्यक्रमाला सामाजिक सुधारणेची जोड दिली, असे याचे वर्णन केले जाते. वस्तुतः ती जोड नसून त्या कार्यक्रमाची पूर्वअट होती.

ग्रामआरोग्य कार्यकर्तीची घडण

गावपातळीवरील काम प्रथम प्रशिक्षित परिचारिका-प्रसाविकांकडे सोपवण्यात आले होते. तो प्रयोग सफल झाला नाही. बाहेरून आलेल्या तरुण मुलींना खेड्यात एकटे राहणे कठीण जाई आणि गावातील अनुभवी बायका त्यांचा सल्ला मानीत नसत. तेव्हा गावातीलच एखाद्या स्त्रीला शिकवावे, अशी सूचना एका ग्रामनेत्याकडून आली. त्यातून ग्रामआरोग्य कार्यकर्तीची कल्पना साकार झाली. गावाने निवडलेल्या या स्त्रिया बहुधा प्रौढ, निरक्षर आणि दलित अथवा अन्य कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींतील होत्या. कित्येक जणी विधवा किंवा परित्यक्ता होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, एकत्र राहत, एकत्र जेवत आणि शिकत. शिकण्याचा क्रम एका अभ्यासक्रमानंतर संपणारा नव्हता. तो वर्षानुवर्षे चालू राहिला.

त्या काय शिकल्या हे नेमकेपणाने पाहणे उद्‌बोधक आहे. मुलाचे वजन घेणे व आलेखाची रेषा ओळखणे. रेषा आडवी झाली तर घरी जाऊन कारण शोधणे. जन्मानंतरचा पहिला चीक फेकून न देता बाळाला पाजणे. सहाव्या महिन्याच्या सुमारास भाकरी-वरण, शेंगदाणे, गूळ, पालेभाजी यांसारखे घरचेच अन्न मऊ करून देणे. जुलाब लागल्यावर पाणी तोडण्याऐवजी मीठ-साखरेचे पाणी वरचेवर पाजणे, अशा त्या गोष्टी होत्या. क्षार-शर्करा पाण्याची परिणामकारकता १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी दाखवून दिली होती. तेच ज्ञान जामखेडच्या कार्यकर्तीने चुलीपाशी नेले. गरोदरपणी जास्त खाल्ले तर मूल मोठे होऊन बाळंतपण अडते, या समजुतीमुळे स्त्रिया पोटाला चिमटा घेत. ही समजूत डॉक्टरच्या व्याख्यानाने गेली नाही. पोटभर जेवून सुखरूप बाळंत झालेल्या शेजारणीचे उदाहरण कार्यकर्ती दाखवू शकली, तेव्हा ती ढळली.

या प्रक्रियेत मेबल आरोळे यांचा वाटा स्वतंत्रपणे नोंदवणे आवश्यक आहे. प्रकल्पाचा उल्लेख अनेकदा केवळ रजनीकांत यांच्या नावाने होतो. वास्तविक १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार दोघांना संयुक्तपणे मिळाला आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला जामखेडविषयीचा ग्रंथही दोघांनी मिळून लिहिला. आरोग्याचे ज्ञान देण्यापूर्वी स्त्रीला स्वतःविषयी बोलता आले पाहिजे, ही प्रशिक्षणाची धारणा होती. नवऱ्याने टाकलेली किंवा गावाने दूर लोटलेली स्त्री स्वतःला काही किंमत आहे असे मानू लागल्याखेरीज इतरांना सल्ला देऊ शकत नाही, हे त्यामागील साधे तर्कशास्त्र होते. मुक्ताबाई पोळ या कार्यकर्तीने १९८८ मध्ये वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत भाषण करताना डॉक्टरांना सभागृहातील झुंबराची आणि ग्रामआरोग्य कार्यकर्तीला साध्या दिव्याची उपमा दिली होती. एका दिव्यावरून दुसरा दिवा लावता येतो, झुंबरावरून नाही, हा त्यातील आशय प्रकल्पाचे सूत्र थोडक्यात सांगणारा आहे.

परिणाम आणि मूल्यमापन

प्रकल्पाच्या स्वतःच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे १७६ असलेला अर्भकमृत्युदर १९७६ पर्यंत सुमारे ५२ वर आला. पाच वर्षांखालील मुलांमधील कुपोषणाचे प्रमाणही पुढील दोन दशकांत मोठ्या प्रमाणावर घटले. एवढी घट अवघ्या पाच वर्षांत व्हावी यात दुष्काळ ओसरण्याचाही भाग असू शकतो. शिवाय हे आकडे प्रकल्पाने स्वतः जमवलेले होते. त्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकाने त्यांकडे सावधपणे पाहणे युक्त ठरते.

या दृष्टीने जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला तुलनात्मक अभ्यास महत्त्वाचा आहे. प्रकल्पातील गावे आणि आसपासची इतर गावे यांची तुलना करता पहिला महिना पार केलेल्या बालकांचा पाच वर्षांपर्यंतचा मृत्यूचा धोका प्रकल्पातील गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी असल्याचे त्यात आढळले. पहिल्या महिन्यातील मृत्यूंबाबत मात्र असा स्पष्ट फरक दिसला नाही. हा निष्कर्ष जामखेडचे यश आणि त्याची मर्यादा दोन्ही दाखवतो. अतिसार, गोवर, अपुरे अन्न यांमुळे होणारे मृत्यू गावाच्या आवाक्यात आले. जन्मतःच कमी वजनाचे किंवा जंतुदोष झालेले बाळ वाचवणे हे निराळे आव्हान होते.

ते आव्हान महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला स्वीकारले गेले. जॉन्स हॉपकिन्स येथेच शिकलेल्या डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून गडचिरोली जिल्ह्यात काम सुरू केले. गावातील प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरी जाऊन नवजात बालकाची काळजी घ्यावी, प्रसंगी प्रतिजैविकाचे इंजेक्शनही द्यावे, या पद्धतीने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे हीच कल्पना आफ्रिकेत गेली. घानामधील एका मोठ्या चाचणीत स्वयंसेवकांनी नवजातांच्या घरी भेटी दिल्या. त्यांचे काम तपासणी करून रुग्णालयात पाठवण्यापुरते होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत मृत्यूंतील घट अल्प आढळली. दोन्ही ठिकाणची परिस्थिती भिन्न असल्याने सरळ तुलना करणे योग्य होणार नाही. तथापि घरभेट हे केवळ माध्यम आहे आणि त्यातून किती ज्ञान व अधिकार सोपवला जातो हा खरा प्रश्न आहे, एवढे त्यावरून सूचित होते.

शासकीय धोरणातील रूपांतर

जामखेड हा एकाकी प्रयोग नव्हता. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजशी संलग्न बालआरोग्य संस्थेतील डॉ. पी. एम. शाह यांनी सत्तरच्या दशकात डहाणू तालुक्यातील कासा येथे माता-बालपोषणाचा प्रकल्प चालवला. तेथे गावातील अर्धवेळ स्त्री कार्यकर्त्या मुलांची वजने घेत व धोक्यातील बालके शोधून काढीत. मॉर्ली यांच्या वजन-आलेखाचा विचार येथे आदिवासी भागाच्या संदर्भात पुढे नेला गेला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी ही संस्था अस्तित्वात आली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने प्रकाशित केलेल्या ग्रंथात टांझानिया, नायजर, चीन, क्यूबा आदी देशांतील प्रयोगांबरोबर जामखेडवर आरोळे दांपत्याचे प्रकरण समाविष्ट झाले. १९७८ मध्ये अल्मा-आता येथे १३४ देशांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा स्वीकारला, त्याच्या वैचारिक पार्श्वभूमीत हा ग्रंथ गणला जातो.

शासनाने या प्रयोगांतून रूप घेतले. आशय किती घेतला हा वादाचा विषय आहे. १९७७ मध्ये सुरू झालेल्या जनस्वास्थ्य रक्षक योजनेत तीन महिन्यांचे प्रशिक्षण देण्यात आले, पण निवड मुख्यतः पुरुषांची झाली आणि ती योजना क्षीण होत गेली. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात साधारणतः दर हजार लोकसंख्येमागे एक 'आशा' नेमण्याचे ठरले तेव्हा जामखेड आणि गडचिरोलीचा अनुभव धोरणकर्त्यांपुढे होता. या वेळी निवड स्त्रियांची झाली. तथापि आठवी उत्तीर्ण असण्याची अपेक्षा ठेवल्याने, जामखेडमध्ये ज्या निरक्षर स्त्रियांनी हे काम उभे केले त्या नव्या व्यवस्थेत आरंभीच अपात्र ठरल्या असत्या. दुसरा फरक उत्तरदायित्वाचा आहे. जामखेडची कार्यकर्ती गावाला उत्तरदायी होती. आशा स्वयंसेविका म्हणवली जाते, तिचा मोबदला कामनिहाय ठरतो आणि तिची वही वरच्या कार्यालयासाठी भरली जाते. वजन घेतले जाते, पण त्या वजनावर गावात चर्चा होत नाही.

या फरकाची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १९९२ मध्ये जव्हार-मोखाड्यातील वावर-वांगणी येथील आणि १९९३ मध्ये मेळघाटातील बालमृत्यूंनी राज्य हादरले, तेव्हा अंगणवाडी योजना सुरू होऊन दीड दशकाहून अधिक काळ लोटला होता. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले आणि पुढील काही वर्षांत वाढ खुंटलेल्या बालकांचे प्रमाण लक्षणीय घटले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार हे प्रमाण २००५-०६ मध्ये सुमारे ४६ टक्के होते, ते २०१५-१६ मध्ये ३४ टक्क्यांवर आले. मात्र २०१९-२१ मध्ये ते ३५ टक्के, म्हणजे जवळजवळ तेथेच आढळले. आणि उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्या बालकांचे प्रमाण दोन्ही वेळा २५.६ टक्के होते. देशातील संपन्न गणल्या जाणाऱ्या राज्यात दर चार बालकांमागे एक बालक या वर्गात मोडते, ही वस्तुस्थिती चिंताजनक आहे.

समारोप

डॉ. मेबल आरोळे यांचे १९९९ मध्ये आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांचे २५ मे २०११ रोजी निधन झाले. रजनीकांत यांना १९९० मध्ये पद्मभूषण किताब मिळाला होता. त्यांच्या पश्चात पुढील पिढीने प्रकल्प चालू ठेवला आणि आफ्रिकेसह अनेक देशांतील आरोग्य कार्यकर्ते जामखेडला शिकण्यासाठी आले. ज्या खंडात कुपोषणाला नाव मिळाले, तेथील कार्यकर्त्यांनी महाराष्ट्रातील निरक्षर स्त्रियांकडून धडे घ्यावेत, हे या इतिहासातील महत्त्वाचे वळण आहे.

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. पहिला, बालकुपोषणाविषयीच्या ज्ञानाची प्रगती प्रयोगशाळेइतकीच आयांचे ऐकण्यातून झाली. अक्रा, इलेशा आणि जामखेड ही त्याची उदाहरणे आहेत. दुसरा, अन्नवाटप हा आणीबाणीतील उपाय आहे. टिकाऊ बदल घडला तो पाणी, जात आणि स्त्रीचे घरातील स्थान या तिन्ही बाबींना एकाच वेळी हात घातल्यामुळे. तिसरा, कार्यकर्तीची नेमणूक करणे आणि तिच्याकडे ज्ञान सोपवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली गोष्ट शासननिर्णयाने साध्य होते. दुसरीसाठी डॉक्टरला आणि शासनयंत्रणेला आपल्या अधिकाराचा काही भाग सोडावा लागतो. आरोळे दांपत्याने चार दशकांच्या कारकिर्दीत तो सातत्याने सोडला. अंगणवाडीतील वजनकाटा आज महाराष्ट्राच्या गावोगावी पोहोचला आहे. त्या काट्यावरील आकडा कोणाचा, कार्यालयाचा की गावाचा, या प्रश्नाच्या उत्तरावर पुढील पिढीतील बालकांची वाढ अवलंबून राहील.